जुना आजार: विम्याचा क्लेम आणि आपले कागद

आज आपण विम्याबद्दल बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत विम्याचा विषय निघाला की कुणी चहा ठेवायला उठतं, कुणाला म्हशीची धार आठवते. आज मात्र हातातलं काम करत का होईना, शेवटपर्यंत ऐका.

आमच्या भागातल्या दोन बायांचे क्लेम विमा कंपनीनं नाकारले. दोघींनाही लांबलेल्या आजारामुळे काम करणं जमेनासं झालं होतं. दोघींच्या पत्रात कारण एकच होतं, पॉलिसी घेण्याआधीचा आजार लपवला. पुढे एकीला पैसे मिळाले, दुसरीला मिळाले नाहीत. असं का झालं ते सांगतो. दुसरीच्या बाबतीत आमचीही चूक झाली, तीही सांगतो.

कोणता विमा कशाचे पैसे देतो

आपल्या बहुतेकींच्या खात्यातून दरवर्षी २० रुपये कापले जातात. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ती फक्त अपघातासाठी आहे. अपघाती मृत्यू झाला, किंवा अपघातात दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाले, तर २ लाख रुपये. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. शुगरमुळे पाय कापावा लागला किंवा लकवा मारला, तर या योजनेतून काही मिळत नाही. कारण तो आजार आहे, अपघात नाही.

दुसरे ४३६ रुपये कापले जातात ते जीवनज्योती विमा योजनेचे. तिच्यात मृत्यूनंतर वारसाला २ लाख मिळतात, मग मृत्यू कोणत्याही कारणानं होवो. मात्र नवीन नाव घातल्यावर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो. बाई जिवंत आहे पण अंथरुणाला खिळली आहे, तर ही योजना काही देत नाही.

तिसरी म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. त्यात ठरलेल्या दवाखान्यांत, ठरलेल्या उपचारांचा खर्च होतो. या योजनेत जुना आजार आहे म्हणून कुणी परत पाठवत नाही. आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. पण हे पैसे दवाखान्याला जातात. बुडालेल्या मजुरीचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

चौथा प्रकार खाजगी विम्याचा. कर्जाबरोबर जोडून येतो, किंवा एजंट घरी येऊन देतो. त्यात गंभीर आजाराचं किंवा कायमच्या अपंगत्वाचं कव्हर असतं. पॉलिसीत लिहिलेला आजार झाला, उदाहरणार्थ लकवा, किंवा डायलिसिस लागेल इतकी किडनी खराब झाली, तर ठरलेली रक्कम एकदम मिळते. घर चालवायला या पैशांचा खरा उपयोग होतो. आणि जुन्या आजाराची चौकशी होते तीही याच विम्यात. दवाखान्याच्या खाजगी पॉलिसीतही होते.

नियम काय म्हणतो

आरोग्य विम्याचा नियम १ एप्रिल २०२४ पासून बदलला आहे. जुना आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरनं निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरनं सल्ला वा उपचार दिला, असा आजार. म्हणजे आजार अंगात होता, पण कुणी तपासला नव्हता आणि आपल्याला माहीतही नव्हता, तर तो या व्याख्येत बसत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या डॉक्टरनं, कोणत्या कागदावर लिहिलं, यावर सगळं ठरतं.

जुना आजार सांगून पॉलिसी घेतली, तर त्या आजारासाठी कंपनी काही काळ थांबायला लावू शकते. हा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा. आधी तो ४८ महिन्यांपर्यंत असायचा. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की त्यानंतर कंपनीला आजार लपवला म्हणून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. ही मुदत आधी ८ वर्षांची होती. सलग हा शब्द लक्षात ठेवा. पॉलिसी बंद पडली आणि नवी घेतली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आयुर्विम्याचा कायदा वेगळा आहे. विमा कायदा १९३८, त्याचं कलम ४५. त्यानुसार पॉलिसीला ३ वर्षं पूर्ण झाली, की माहिती लपवली म्हणून कंपनीला ती रद्द करता येत नाही. पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली असेल, किंवा तिला जोडकव्हर नंतर घेतलं असेल, तर ही ३ वर्षं त्या तारखेपासून मोजतात.

चौकशी कशी होते

पॉलिसी घेतल्यानंतर थोड्याच वर्षांत मोठ्या आजाराचा क्लेम आला, की कंपनी तो चौकशीला पाठवते. यात गैर काही नाही. पण चौकशी कुठे कुठे होते, हे आपल्याला माहीत असावं. कंपनीचा माणूस दवाखान्यात जाऊन केसपेपर काढतो. गावातल्या डॉक्टरला विचारतो, मेडिकल दुकानात जुनी बिलं पाहतो. रक्ताचे रिपोर्ट पाहतो. आणि सगळ्यात आधी डिस्चार्ज कार्ड वाचतो.

डिस्चार्ज कार्डावर एक छोटी इंग्रजी ओळ असते. त्यात के, सी, ओ अशी तीन अक्षरं असतात. अर्थ असा, की रुग्णाला हा आजार आधीपासून असल्याचं माहीत आहे. पुढे डी.एम. लिहिलं असेल तर शुगर, एच.टी.एन. लिहिलं असेल तर बीपी. त्याच्यापुढे किती वर्षांपासून, ते लिहिलेलं असतं. ही वर्षं डॉक्टर कुठून आणतो? आपल्याला विचारून. रात्री दोन वाजता, जीप करून माणूस आणलेला असताना, सोबत आलेल्या कुणीतरी जे सांगितलं, ते तिथे लिहिलं जातं.

आमच्या पहिल्या ताईचं असंच झालं. शिवणकाम करायची, खुरपायलाही जायची. जून २०२२ मध्ये कर्जासोबत तिनं १ लाखाचं गंभीर आजाराचं कव्हर घेतलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला लकवा मारला, उजवी बाजू गेली. दवाखान्यात भाचा सोबत होता. डॉक्टरनं विचारलं, बीपी किती दिवसांपासून आहे? भाचा म्हणाला, असेल पाच-सहा वर्षांपासून. मामीची गोळी त्यानं कधीतरी पाहिली होती, एवढंच. डिस्चार्ज कार्डावर छापून आलं, बीपी ५ वर्षांपासून. कंपनीनं हिशोब केला. २०२४ मधून ५ वर्षं मागे गेलं की २०१९. पॉलिसी २०२२ ची. म्हणजे ताईनं बीपी लपवला. क्लेम नामंजूर.

ताईला नीट बोलता येत नव्हतं. ती डाव्या हातानं फक्त नाही नाही म्हणत होती. आम्ही तिच्या नवऱ्याला विचारलं, पहिली गोळी कधी सुरू झाली? त्याला आठवेना. आशाताईला मात्र आठवलं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी उपकेंद्रात होते, तिची नोंद असते. आम्ही उपकेंद्रात गेलो. जानेवारी २०२२ च्या नोंदीत ताईचा बीपी १२४/८० होता. मार्च २०२३ च्या शिबिरात १६०/१००. गोळी त्या दिवशी सुरू झाली होती. म्हणजे पॉलिसी घेतली तेव्हा बीपी नव्हताच.

आम्ही त्या दोन्ही नोंदींची प्रत सहीशिक्क्यासह घेतली. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटलो. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं, की ५ वर्षं ही माहिती नातेवाइकानं तोंडी सांगितली होती, तिला जुन्या कागदाचा आधार नव्हता. हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र दिलं. तिथून पुन्हा नकार आला. मग विमा लोकपालांकडे अर्ज केला. तिथे आमचं म्हणणं मान्य झालं आणि ताईला १ लाख रुपये मिळाले. तोपर्यंत शिलाई मशीन विकून झालं होतं.

दुसरी ताई

दुसरी ताई त्याच गटातली. तिचीही पॉलिसी त्याच दिवशीची. पण तिला २०२० पासून शुगर होती आणि ग्रामीण रुग्णालयातून गोळ्या चालू होत्या. २०२४ मध्ये किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं. क्लेम केला. कंपनीनं ग्रामीण रुग्णालयातला २०२० चा केसपेपर पुढे ठेवला. फॉर्मवर, मधुमेह आहे का, या प्रश्नापुढे नाही अशी खूण होती. खाली ताईची सही. लोकपालांकडेही आम्ही हरलो.

आता आमची चूक सांगतो. त्या दिवशी एका दुपारी ४० बायांचे फॉर्म भरायचे होते. फॉर्म इंग्रजीत होता. भरणारा माणूस भराभर खुणा करत होता. ताईनं त्याला सांगितलं होतं, मला शुगरची गोळी आहे. तो म्हणाला, सगळ्यांनाच असते, तेवढं कशाला लिहायचं. आम्ही तिथेच बसलो होतो. आम्ही ऐकलं, आणि उशीर होतोय म्हणून म्हणालो, ताई, करा सही. तिनं आमच्या शब्दावर सही केली.

खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? कदाचित हप्ता वाढला असता. कदाचित पॉलिसी मिळालीच नसती. पण मग हप्त्याचे पैसे वाचले असते आणि ताई त्या पैशांच्या भरवशावर राहिली नसती. आज डायलिसिस जन आरोग्य योजनेतून होतं. पण आठवड्यातून दोनदा जिल्ह्याला जायचं भाडं आणि दोघांची बुडालेली मजुरी यांत तिच्या शेळ्या गेल्या. आम्ही तिच्या घरी गेलो की ती अजूनही चहा करते. तो चहा आम्हाला जड जातो.

कोर्टानं काय सांगितलं आहे

सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल आपल्या उपयोगाचे आहेत. २००९ च्या निकालातल्या माणसाला पॉलिसी घेण्याआधीपासून जुनी शुगर आणि किडनीचा आजार होता. फॉर्मवर मात्र तब्येत चांगली असं लिहिलं होतं. न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. आमच्या दुसऱ्या ताईचं प्रकरण याच्यासारखं होतं.

२०१५ चा निकाल आयुर्विम्याचा आहे. त्यात माणसानं कमरेच्या मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं आणि मृत्यू हृदयविकारानं झाला. न्यायालय म्हणालं, जे दुखणं सांगितलं नाही त्याचा मृत्यूशी संबंध नाही, म्हणून क्लेम नाकारता येणार नाही.

२०२१ चा निकाल परदेश प्रवासाच्या विम्याचा. माणसानं आपल्याला शुगर आहे हे फॉर्मवर सांगितलं होतं. कंपनीनं तरीही पॉलिसी दिली. प्रवासात त्याला हार्ट अटॅक आला तेव्हा जुना आजार दाखवून क्लेम नाकारला. न्यायालयानं सांगितलं, आजार माहीत असताना पॉलिसी दिली, तर नंतर तोच आजार पुढे करून हात झटकता येत नाहीत.

या तिन्ही निकालांतून एक गोष्ट घ्या. फॉर्मवर खरं लिहिलेली बाई पुढे भांडू शकते. खोटं लिहिलेल्या फॉर्मवर आपली सही असेल, तर आपल्यासाठी भांडणाऱ्याच्या हातात काही राहत नाही.

आता करायचं काय

फॉर्म भरताना तब्येतीचा प्रत्येक प्रश्न मराठीत मोठ्यानं वाचून घ्या. वाचल्याशिवाय सही नाही. गोळी चालू असेल तर गोळीचं नाव लिहा. फॉर्म दुसऱ्यानं भरला असेल, तर मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला, असं लिहून समजावणाऱ्याची सही घ्या. सही केलेल्या फॉर्मचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पॉलिसी हातात आली की तिच्यासोबतच्या फॉर्मच्या प्रतीत खुणा बरोबर आहेत का ते पाहा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. पॉलिसी नको वाटली तर मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

घरात प्रत्येकीची एक पिशवी करा. आजाराचा पहिला कागद, पहिली चिठ्ठी, शिबिराचं कार्ड, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे त्यात ठेवा. आपण औषधाच्या चिठ्ठीत वाटाणे बांधतो, ते बंद करा.

दवाखान्यात भरती होताना सोबतच्या माणसाला नीट सांगून ठेवा. आजार कधीपासून, हे माहीत नसेल तर, माहीत नाही, एवढंच सांगायचं. अंदाज सांगायचा नाही. आणि खोटंही सांगायचं नाही, कारण उपचार त्यावर ठरतात. डिस्चार्ज कार्ड हातात आलं की दवाखाना सोडण्याआधी जुन्या आजाराची ओळ कुणाकडून तरी वाचून घ्या. चुकीची असेल तर तिथेच दुरुस्त करायला सांगा. आज पाच मिनिटं लागतील, नंतर पाच महिने लागतात.

क्लेम नाकारला तर तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. नकाराचं पत्र मागा. पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार नाकारलं, हे कंपनीनं लिहून द्यायला हवं. आरोग्य विम्याचा क्लेम कंपनीच्या समितीनं तपासल्याशिवाय नाकारता येत नाही, असा २०२४ चा नियम आहे. जुना आजार म्हणत असतील तर विचारा, कोणता कागद, कोणती तारीख? त्या कागदाची प्रत मागा.

मग पहिलं पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला. पोच घ्या. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. फोनवर तक्रार नोंदवायची तर विमा नियामकाचा नंबर १५५२५५, पैसे लागत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे, त्याची मुदत २ वर्षं.

आणि विमा मिळो न मिळो, बाकीचे हक्क सोडू नका. लकव्यासारख्या आजारानं कायमचं अपंगत्व आलं असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा. दिव्यांगांबरोबर काही गंभीर आजारांचे रुग्णही त्यात बसतात. एमआयडीसीतल्या कारखान्यात जाणाऱ्या आपल्या मुलींचे पैसे ईएसआयसीत कापले जात असतील, तर तिथे ठरावीक ३४ लांबच्या आजारांसाठी पगाराच्या ८० टक्के रक्कम २ वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी आधी २ वर्षं नोकरी झालेली असावी लागते. आमच्या दुसऱ्या ताईचं निराधार योजनेचं प्रकरण आता मंजूर झालं आहे. रक्कम मोठी नाही, पण महिन्याचं जिल्ह्याचं भाडं सुटतं.

आमच्या गटांत आता ठराव झाला आहे. एका बैठकीत पाचापेक्षा जास्त विम्याचे फॉर्म भरायचे नाहीत. प्रत्येक फॉर्म मोठ्यानं वाचायचा. तब्येतीच्या प्रश्नाला बाईनं जे उत्तर दिलं तेच लिहायचं, आणि ते लिहिलं गेलं की नाही हे गटाच्या सचिवानं पाहायचं. हा ठराव इतिवृत्तात लिहिला आहे. त्याखाली पहिला अंगठा दुसऱ्या ताईचा आहे. तिला सही येते. पण त्या दिवसापासून ती कुठल्याच कागदावर सही करत नाही, अंगठाच देते. आम्ही तिला म्हणत असतो, ताई, वाचून घ्या आणि सही करा, आम्ही थांबतो. एक दिवस ती करेल.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एकच करा. प्रत्येकीनं आपली पॉलिसी घेऊन यायचं, आणि फॉर्मवर तब्येतीच्या प्रश्नांपुढे काय लिहिलं आहे ते सगळ्यांसमोर वाचायचं. चूक सापडली तर त्याच बैठकीत कंपनीला पत्र लिहायचं. येतो आता. नमस्कार.